मदत हवी आहे: १९८९ ची टोयोटा सुप्रा ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करायची आहे, चिपळूण

नमस्कार मंडळी,

गाडी टोयोटा सुप्रा, तिसरी पिढी म्हणजे ए७० बॉडी, १९८९ चं मॉडेल, उजव्या हाताचं स्टिअरिंग. इंजिन ७एम-जीई, तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, टर्बो नाही. गिअरबॉक्स कंपनीचाच चार गिअरचा ऑटोमॅटिक, ए३४०ई. काकांनी नोकरीत असताना मुंबईत घेतली, निवृत्तीनंतर चिपळूणला आणली, आता माझ्या नावावर आहे. आयातीचे कागद, आरसी, विमा, सगळं जागेवर. मला हा बॉक्स काढून तिथे मॅन्युअल बसवायचा आहे. बॉक्स खाली उतरवायच्या आधी काय काय हाताशी असायला हवं, हे ज्यांनी असं काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

आधी कारण सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचं घर जरा उंचावर म्हणून वाचलं, पण गाडी दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नाही, ईसीयू (इंजिनचा संगणक) कोरडा राहिला. गिअरबॉक्स मात्र बुडाला. पाणी ओसरल्यावर डिपस्टिक काढली तर लाल एटीएफच्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या) जागी सोलकढी. तेल पुन्हा पुन्हा बदललं, फिल्टर बदलला, गाडी चालू लागली. पण ऑटोमॅटिकच्या आत पोलादी चकत्यांवर घर्षणाचं अस्तर चिकटवलेलं असतं आणि पाण्याने ते सुटतं. एकदा सुटायला लागलं की तेल बदलून थांबत नाही.

आता लक्षणं अशी: सकाळी गार इंजिनवर डी मध्ये टाकलं की थोडा वेळ काहीच होत नाही, मग धक्का देऊन पकडते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम वर उडतात आणि गाडी तिथेच. ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकतो. कुंभार्ली घाट चढताना दुसरा की तिसरा या गोंधळात बॉक्स तापतो, उतरताना इंजिनचा ब्रेक पाहिजे तेव्हा मिळत नाही. परवा पॅन उतरवलं. आतल्या चुंबकांवर काळा चिखल, त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण त्या चिखलात नखाएवढे तपकिरी कपटे होते. एक बोटांत धरून चुरडला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा फाटला. ते अस्तर आहे. म्हणजे बॉक्सचा शेवट जवळ आलाय.

रिपेअर का नको, तर चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत क्लच प्लेट बदलणारा माणूस कुठल्याही नाक्यावर भेटतो. व्हॉल्व्ह बॉडी (ऑटोमॅटिकमधला, तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) उघडून नीट परत लावेल असा माणूस मला इकडे मिळाला नाही. आणि खरं सांगायचं तर ही गाडी पायात क्लच आणि हातात गिअर घेऊन चालवायची मला फार वर्षांपासून इच्छा आहे. एवढं गोड इंजिन, आणि ते टॉर्क कन्व्हर्टरच्या (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो तेलाचा जोड) आडून ऐकायचं.

माझी अट एकच: बॉडी कापायची नाही. याच इंजिनाला कंपनी डब्ल्यू५८ हा पाच गिअरचा बॉक्स देत होती, टर्बोला आर१५४. त्यामुळे मला डब्ल्यू५८ च हवा. इकडच्या एका गॅरेजवाल्यांचं म्हणणं आहे की क्वालिसचा बॉक्स घ्या, मध्ये ॲडॉप्टर प्लेट घालू, टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) थोडा कापू. माणूस चांगला आहे, हातही चांगला आहे, पण हे मला नको. उद्या कोणाला गाडी पुन्हा ऑटोमॅटिक करायची झाली तर करता आली पाहिजे.

मला अडलेल्या गोष्टी: क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंगची जागा असते का? प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) तोच चालतो की लांबी बदलावी लागते? ऑटोमॅटिकचा ईसीयू तसाच ठेवला तर काय होतं? पेडल बॉक्स आणि क्लचचा मास्टर सिलिंडर बसवायला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) दोन बोल्टांच्या खुणा हाताला लागतात, तीच ती जागा असावी. आणि आरटीओचं काय? काम मृगाच्या आधी उरकायचं आहे, कारण गाडी उघड्या शेडमध्ये असते आणि पावसात खाली झोपून काम होत नाही.

घाटमाथा:

दादा, मी कोल्हापूरला उद्यमनगरात मशीनशॉपवर असतो. सुप्रा नाही, पण टोयोटाचीच मागच्या चाकांवर चालणारी गाडी ऑटोवरून मॅन्युअल करून दिली आहे, म्हणून लिहितो.

फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती) काढल्यावर क्रँकच्या टोकाचं भोक बघा. ऑटोमॅटिकमध्ये तिथे कन्व्हर्टरचं नाक बसतं, मॅन्युअलमध्ये पायलट बेअरिंग, आणि त्यात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक फिरतं. भोकाचं माप बोअर गेजने घ्या, व्हर्नियरवर विसंबू नका. मापात असेल तर बेअरिंग सरळ बसतं. नसेल तर बुश करून देऊ, पण इनपुट शाफ्ट हातात असल्याशिवाय मी बुश करत नाही. बेअरिंग न घालता बॉक्स चढवणारे लोक आहेत. थोडे दिवस चालतं, मग इनपुट शाफ्ट डुलायला लागतो, आवाज येतो, आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

फ्लेक्सप्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला लावू नका. फ्लेक्सप्लेट पत्र्याची, फ्लायव्हील जाड, लांबी वेगळी लागते. फ्लायव्हीलचेच नवीन घ्या आणि टॉर्क रेंचने आवळा. बॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं मागचं सील बदलून टाका, ते स्वस्त आहे. बेलहाउसिंग (बॉक्सचं इंजिनाला जोडलेलं पुढचं कवच) ज्या डॉवेल पिनांवर बसतं त्या इंजिन ब्लॉकमध्ये शाबूत आहेत का बघा. गंजून मोडलेल्या असतील तर नवीन ठोका, नाहीतर बॉक्स तिरका बसतो.

प्रोपेलर शाफ्टचं माप आधी काढू नका. बॉक्स आणि त्याचा क्रॉसमेंबर बसवा, गाडी चाकांवर उभी करा, मग माप घ्या. लांबी बदलावी लागली तर कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून मिळेल. बॅलन्स न करता मात्र लावू नका.

वायरिंग: ऑटोमॅटिकमध्ये स्टार्टरची जोडणी पी आणि एन च्या स्विचमधून जाते. बॉक्स काढला की स्टार्टर फिरणारच नाही. बरेच जण त्या दोन जाड वायरी सरळ जोडून टाकतात; मग गाडी गिअरमध्ये असतानाही चालू होते आणि समोरच्या माणसावर जाते. त्याऐवजी क्लच पेडलला स्विच लावा, क्लच दाबला तरच स्टार्टर. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच डब्ल्यू५८ वर असतो, त्याच्या वायरी लांबवाव्या लागतील. ईसीयू मॅन्युअलचाच शोधा, शक्यतो ज्या गाडीचा बॉक्स त्याच गाडीचा, प्लगांसकट. तुमचं हार्नेस कापू नका. रेडिएटरच्या खालच्या टाकीतून एटीएफच्या ज्या दोन नळ्या येतात त्यांची तोंडं बुचांनी बंद करा.

अजून एक. डब्ल्यू५८ चा पहिला गिअर ३.२८५, तुमच्या ऑटोमॅटिकचा २.८०४. मागचा डिफरन्शियल तोच ठेवलात तर पहिला फार लवकर संपेल. घाटात छान, हायवेवर बघा पटतंय का. इंजिनखोलीतल्या पाटीवर ट्रान्स आणि ॲक्सल असा रकाना असतो, तिथला ॲक्सलचा कोड टाका इथे.

कागदोपत्री:

आरटीओचा भाग मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचलं आहे. तुमची बाजू बरी आहे ती एवढ्यासाठी की याच मॉडेलला, याच इंजिनाला कंपनी मॅन्युअल बॉक्स देत होती. कंपनीच्या कॅटलॉगचं पान आणि पार्ट नंबर जोडून रत्नागिरीच्या कार्यालयात आधी लेखी अर्ज करा आणि उत्तर हातात आल्यावरच पाना उचला. तोंडी ‘करा हो, काही होत नाही’ यावर जाऊ नका. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीचं काम येतं, तेव्हा गाडी तपासली जाते. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे करतील.

कोणीतरी व्हिंटेजमध्ये नोंदवा असं सुचवेल म्हणून आधीच सांगतो, २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांवरची लागते. तुमची बसत नाही.

सुट्या भागांचंही बघा. वापरलेला माल बाहेरून आणायचा तर तो प्रतिबंधित यादीत येतो, परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. जुना बॉक्स जपानहून कुरिअरने मागवला आणि कस्टममध्ये अडकला, अशा गोष्टी ऐकायला मिळतात. क्लच किट, सिलिंडर, बेअरिंगं नवीन असतील तर शुल्क भरून येतात. बॉक्स मात्र देशातच शोधा, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारापासून सुरुवात करा.

मिरजोळेकर:

वरच्या दोघांनी सांगितलं ते ठीकच. मी फक्त गंजाचं बोलतो, कारण आपल्याकडे तोच खरा प्रश्न. क्लच पेडलचा सगळा जोर फायरवॉलच्या पत्र्यावर येतो. पुरात उभी राहिलेली आणि नंतर खाऱ्या वाऱ्यात असलेली गाडी आहे, कार्पेट उचलून पत्रा आतून टोच्याने तपासा. पत्रा मऊ लागला तर पेडल दाबताना फायरवॉलच पुढे झुकते, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात. आधी पत्रा, मग आतून जाड पट्टी, मग सिलिंडर.

बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट गंजलेले असणार. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारत जा. जोर लावून डोकं मोडलं तर ब्लॉकमधून काढायला फार त्रास होतो.

आणि दादा, दुरुस्तीचाही एकदा विचार करा. ए३४० चीच भावंडं जीप चेरोकीत ए डब्ल्यू ४ या नावाने होती. अस्तरांची किट नवीन मिळतात. बॉक्स फेकू नका, तेल लावून गुंडाळून ठेवा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉक्स फेकणार नाहीच, माळ्यावर जागा केली आहे.

घाटमाथा, पाटीवरचा कोड गंजाखाली गेलाय, हलक्या हाताने साफ करून फोटो टाकतो. पहिला गिअर लवकर संपला तरी मला चालेल, मी कुंभार्ली आणि आंबा घाटातच जास्त असतो. पण डिफरन्शियलचा निर्णय बॉक्स हातात आल्यावर. इनपुट शाफ्ट घेऊन मी स्वतः कोल्हापूरला येईन, बुशची गरज पडली तर तुमच्याकडूनच करून घेईन.

कागदोपत्री, अर्जाचा मसुदा लिहायला घेतलाय. सोबत आरसीची प्रत आणि कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगची पानं जोडतोय. उत्तर येईपर्यंत गाडीला हात लावणार नाही, त्यासाठी मृग हुकला तर दिवाळीनंतर करू.

मिरजोळेकर, आज कार्पेट उचललं. चालकाच्या बाजूला ब्रेकच्या वरचा पत्रा कडक आहे, पण क्लचच्या जागी, बोल्टांच्या खुणांपाशी, रंगाला फुगवटा आलाय. टोच्या आत गेला नाही, पापुद्रा मात्र निघाला. म्हणजे तिथे आधी काम.

आता शोध दोन गोष्टींचा. डब्ल्यू५८ बॉक्स, ७एम इंजिनाच्या बेलहाउसिंगसकट. बेलहाउसिंग सुटं निघतं, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचं असलं तर उपयोगाचं नाही. आणि उजव्या स्टिअरिंगच्या ए७० चा पेडल बॉक्स. कोणाकडे असेल किंवा कुठे पडलेला पाहिला असेल तर केसिंगवरच्या नंबराचा फोटो आणि अपेक्षित किंमत व्यक्तिगत निरोपाने कळवा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, कुठेही येऊन बघायची तयारी आहे.