शिकायला आलेलं शहर सोडताना निरोप कसा घ्यायचा? की घ्यायचाच नाही?

शेवटचं_सेमिस्टर
नमस्कार मंडळी. डिग्री संपली, नोकरी दुसऱ्या शहरात लागलीय, महिनाअखेरीला रूम सोडायची आहे. आनंद आहेच, नाही असं नाही, पण गेल्या आठवड्यापासून काहीतरी विचित्र होतंय. बसस्टॉपवर उभी असताना, झेरॉक्सच्या रांगेत, कुठेही अचानक गळा दाटून येतो. गंमत म्हणजे सुरुवातीला हे शहर मला अजिबात आवडलं नव्हतं, पहिले कित्येक महिने मी नुसती सुट्टी कधी लागते तेच बघायचे. मग आवडायला कधी लागलं ते कळलंच नाही, सुट्टीत घरी गेले की परत यायची घाई व्हायला लागली आणि ते माझ्याआधी आईच्या लक्षात आलं.

मैत्रिणी म्हणतात ड्रामा नको करू, वाटेल तेव्हा ये की भेटायला. घरच्यांना सांगायची सोय नाही, कारण घर सोडताना एवढी रडले नव्हते हे त्यांना पक्कं आठवतंय :) माणूस गेलं तर रडणं समजतं, शहरासाठी कोण रडतं? तर विचारायचं एवढंच की हे नॉर्मल आहे का, आणि जायच्या आधी सगळ्या जागांवर शेवटचं फिरून यावं की गपचूप बॅग उचलून निघावं? ज्यांनी असं शहर सोडलंय त्यांनी सांगा प्लीज.

आडवाट
पूर्ण नॉर्मल. शहरासाठी लोक रडतात आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत बॉस्टनमधे वेस्ट एंड म्हणून कामगारांची जुनी वस्ती होती, 1950 च्या दशकाच्या शेवटी सुधारणेच्या नावाखाली ती पाडली आणि लोकांना इकडेतिकडे हलवलं. मार्क फ्रीड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्या लोकांच्या मुलाखतींवरून 1963 मधे लिहिलं की बऱ्याच जणांची अवस्था घरात कुणी गेल्यावर होते तशीच होती, आणि ती लवकर सरली पण नाही. नवीन घरं मिळाली होती तरीही. कारण गेलं होतं ते नुसतं घर नव्हतं, जिने, कोपरे, येताजाता दिसणारे चेहरे सगळंच गेलं होतं.

तुझं शहर कुणी पाडत नाहीये हे खरं, पण त्याचाच एक त्रास आहे. तू स्वतःच्या मर्जीने, चांगल्या कारणासाठी चाललीयेस, म्हणजे लोक अभिनंदन करणार, सांत्वन कोणी करणार नाही. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत त्यावर केनेथ डोका यांनी 1989 पासून बरंच काम केलंय. ते वाचलं तेव्हा मला शिकायचं शहर सोडल्यानंतरची माझी सुरुवातीची वर्षं आठवली, "अरे पगार मिळतोय ना आता, मग काय झालं" हे ऐकून ऐकून मी त्या शहराचं नाव काढणंच बंद केलं होतं.

फिरून यावं का, तर यावं. पण लोकांना दाखवायला नेतो त्या जागा सोड, तिथे तू अशी किती वेळा गेली असशील? रूम ते कॉलेज हा रस्ता एकदा पायी, हेडफोन न लावता चालून बघ. उंदरांवर प्रयोग करताना जॉन ओ'कीफ यांना 1971 मधे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी सापडल्या ज्या ठराविक जागी आल्यावरच पेटतात (2014 चं नोबेल यालाच मिळालं, मोझर नवराबायकोबरोबर विभागून), आणि माणसाच्या आयुष्यातले प्रसंग लक्षात ठेवायचं कामही त्याच भागाचं. त्यामुळे एखाद्या वळणावर आलं की तिथे झालेलं भांडण शब्दासकट आठवतं याचं मला तरी आता नवल वाटत नाही.

तिसरा_मजला
वरचं सगळं छान आहे पण मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. तुला शहराची आठवण येणार नाहीये. तुला आठवण येणार आहे ती शेजारच्या खोलीचं दार न वाजवता आत शिरता यायचं याची. ते शहरामुळे नव्हतं, अंतरामुळे होतं.

अमेरिकेतल्या एमआयटीमधे विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती, फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली ते तपासलं, 1950 ला छापून आलं. सगळ्यात जास्त मैत्र्या शेजारच्या दारांत, एक दार सोडून पलीकडे गेलं की कमी, अजून एक सोडलं की अजून कमी, आणि ही अंतरं म्हणजे काही पावलांची हं. जिन्यापाशी राहणाऱ्यांच्या तर वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळखी. म्हणजे आपण ज्याला जन्माची मैत्री म्हणतो त्यात अर्धा हात वॉर्डनने केलेल्या रूम अलॉटमेंटचा असतो.

आता हे अंतर वाढणार. शहर जागच्या जागी राहील, पांगणार ते तुम्ही सगळे, कोण कुठे कोण कुठे. "टचमधे राहू" वर कोणी राहत नाही, आमचा ग्रुप आता वाढदिवसाच्या केकचे इमोजी टाकण्यापुरता उरलाय. त्यातले ज्यांच्याशी आधीच वार ठरवून फोनचं ठरलं होतं तेवढेच टिकले. म्हणून म्हणतो जागांना निरोप देत बसण्यापेक्षा माणसांचं काय ते ठरव.

शेवटचं_सेमिस्टर
@तिसरा_मजला राग नाही, पण वाचून पोटात खड्डा पडला. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण खरंच शेजारच्या रूममधली आहे.

पानगळ
तिसरा मजला, तुमचं बरोबर आहे पण अर्धंच. मित्रांचे नंबर तरी असतात हो. ज्यांचे नंबर नसतात त्यांचं काय?

मी निघाले तेव्हा जिवलग सगळे स्टेशनवर होते, फोटो झाले, रडारड झाली, सगळं यथासांग. आणि नव्या शहरात मला आठवत कोण बसलं, तर रात्री उशीर झाला की नुसती मान हलवून गेट उघडणारे वॉचमन, आणि रोज त्याच सीटवर बसणारी एक बाई जिचं नाव मला आजही माहीत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मधे अशा तोंडओळखींच्या ताकदीबद्दल लिहिलं, त्याचं म्हणणं नोकऱ्यांबद्दल होतं, की कामाची बातमी जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. पण मला वाटतं शहर आपलं वाटण्यातही यांचाच वाटा मोठा असतो. मित्र कुठेही होतील, पण "आज उशीर झाला वाटतं" असं एखाद्या अनोळखी माणसाने म्हणायला वर्षं जावी लागतात.

म्हणून माझा सल्ला, निरोप यांचा घे. काही भाषण नको, "उद्या चालले, परवापासून नाही दिसणार" एवढं पुरतं. लायब्ररीतल्या काकांना मी हेच सांगितलं, मला वाटलं आता काहीतरी हृद्य बोलतील, तर ते म्हणाले "कार्ड जमा केलंस का?" आणि वही पुढे सरकवली. सही झाल्यावर मात्र कुठे चाललीस, राहायचं काय, असं बराच वेळ विचारत बसले, मागे रांग थांबली होती तरी.

आडवाट
@पानगळ हे भारी. याच्या पुढे माझे उंदीर फिके.

एक राहिलंच. पुढे वय वाढल्यावर लोकांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पहिलेपणाचा तो काळ, म्हणून असेल. त्यामुळे हे शहर तुझ्या डोक्यातून जाईल ही भीती सोड. पण जे लोक तिशीनंतर देश सोडून गेले त्यांच्यात हा आठवणींचा उंचवटा स्थलांतराच्या काळाकडे सरकलेला दिसला, 1998 चा अभ्यास आहे. म्हणजे नवीन शहरालाही जागा आहे, त्याला या जुन्याशी रोज तोलू नको, निदान पहिलं वर्षभर तरी.

वर्षाआड
परत भेटायला ये म्हणणाऱ्यांबद्दल थोडं. मी जाते अधूनमधून. पहिल्या वेळी फार वाईट वाटलं, जुन्या रूमच्या खिडकीत कोणाचे तरी कपडे वाळत होते आणि खाली सगळी आपल्याला काकू म्हणतील अशी पोरं. रस्त्यात एकही ओळखीचं तोंड नाही. चूक शहराची नसते, विद्यार्थ्यांचं शहर दर काही वर्षांनी रिकामं होतं आणि भरतं, आपणही कोणाच्या तरी जागेवरच आलेलो असतो. आता जाते तेव्हा एकटी जात नाही, जुन्यापैकी कोणीतरी एक जण बरोबर पाहिजेच, आणि मुक्काम एकच रात्र. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिडचिड सुरू होते.

तिसरा_मजला
@शेवटचं_सेमिस्टर शेजारच्या रूमवालीशी आजच बोल. वार आणि वेळ. हसेल ती, हसू दे.

कुलूपकिल्ली
सगळ्यांनी मनाचं सांगितलं, मी कामाचं सांगतो. कॉलेजचा ईमेल आयडी चालू राहणार का ते आधी विचार. बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावर काही काळाने बंद करतात, आणि त्याला जोडलेल्या ड्राइव्हमधले फोटो, नोट्स, ग्रुप प्रोजेक्ट सगळं जातं. बँक आणि इतर अकाउंट त्याच मेलवर असतील तर आधी ते बदल. ट्रान्सक्रिप्ट, सर्टिफिकेट जे काही लागेल ते इथे असतानाच घे, लांबून पत्रव्यवहार करणं म्हणजे शिक्षा. रूम रिकामी झाल्यावर भिंती, नळ, मीटरचं रीडिंग सगळ्याचे फोटो काढ आणि घरमालकाला त्याच दिवशी पाठव. डिपॉझिटसाठी सांगतोय, आठवणीसाठी नाही.

शेवटचं_सेमिस्टर
बाप रे मेलचं डोक्यातच नव्हतं, सेकंड इयरपासूनचे सगळे फोटो तिथेच आहेत!! आत्ता डाउनलोडला लावलंय, हॉस्टेलच्या वायफायवर उद्या सकाळपर्यंत होईल बहुतेक. शेजारच्या रूमचं दार वाजवलं, शनिवार ठरलाय, ती हसलीच. वॉचमन काकांना अजून सांगितलं नाहीये, त्यांची या आठवड्यात दिवसपाळी आहे.