दादा-वहिनींना शिकागोतला एक अस्सल जुना बार दाखवायचाय

प्रेषक: नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ आणि वहिनी जुलैत तीन आठवड्यांसाठी येताहेत. दादाची सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली, केमिस्ट म्हणून. मळी, यीस्ट आणि फर्मेंटेशन (आंबवणं) हेच त्याचं जग. परवा फोनवर म्हणाला, "तुझं ते मिलेनियम पार्क आणि नेव्ही पिअर दाखव, पण एक संध्याकाळ मला अशा जागी ने, जिथे इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसत आलीत." वहिनी घेत नाही आणि बारमध्ये जायचं म्हटल्यावर जरा बिचकलीय. डाउनटाउनमधले काचेचे रूफटॉप बार मला माहीत आहेत, पण तसले आता मुंबईतही झालेत. कुठे नेऊ?

प्रेषक: रेव्हन्सवूड

तुझ्या दादाने अगदी योग्य ते मागितलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी या भागात पस्तीस वर्षं राहतोय, आणि पाहुण्यांना नेण्याचा माझा क्रम ठरलेला आहे.

आधी साउथपोर्ट आणि बेलमाँटच्या नाक्यावर जा. तिथे 'शूबाज' आहे. आत शिरण्याआधी मान वर करून पाहा. विटांच्या भिंतीत टेराकोटाचा पृथ्वीगोल बसवलाय, त्याला पट्टा बांधलाय आणि पट्ट्यावर श्लिट्झचं नाव आहे. ही १९०३ ची इमारत मिलवॉकीच्या श्लिट्झ ब्रुअरीने स्वतः बांधली. तेव्हाची पद्धत अशी, की ब्रुअरीने मोक्याच्या कोपऱ्यावरची जागा घ्यायची, तिथे देखणा सलून उभारायचा, तो एखाद्याला चालवायला द्यायचा आणि त्याने फक्त आपलीच बिअर विकायची. याला 'टाइड हाउस' म्हणत. शिकागोत अशा इमारती अजून बऱ्याच उभ्या आहेत. कुठे कॉफी शॉप झालंय, कुठे दुसरंच काही, पण गोल ओळखू येतो. माझ्या नातवंडांना मी रस्त्याने जाताना ते शोधायला लावतो.

इथल्या बारची गोष्ट कामगार वस्तीची आहे, हे दादाला नक्की सांग. १८५५ साली लेव्हाय बून हा महापौर झाला. त्याने दारूच्या परवान्याचं शुल्क ५० डॉलरवरून ३०० डॉलर केलं आणि रविवारी सलून बंद ठेवायचा जुना कायदा कडक राबवायला सुरुवात केली. जर्मन आणि आयरिश माणसं आठवड्याचे सहा दिवस राबायची. रविवारी बायकामुलांना घेऊन बिअर गार्डनमध्ये बसणं हाच त्यांचा विसावा होता. २१ एप्रिलला जर्मन वस्तीतून मोर्चा निघाला. क्लार्क स्ट्रीटचा फिरता पूल वळवून लोकांना नदीपाशीच अडवलं, गोळीबार झाला, माणूस मेला. 'लागर बिअर दंगल' म्हणतात तिला. नवीन आलेल्या लोकांनी आपल्या बसण्याच्या जागेसाठी दिलेला तो लढा होता. आपणही इथे बाहेरूनच आलोय, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

संध्याकाळी मात्र 'ग्रीन मिल'लाच जा. ब्रॉडवे आणि लॉरेन्सचा नाका, शहरी ट्रेनच्या रेड लाइनचं लॉरेन्स स्टेशन अगदी जवळ. १९०७ पासून ही जागा चालू आहे. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात ती शिकागोचा कुख्यात टोळीप्रमुख अल कपोन याच्या माणसांकडे होती. ज्या बाकावर कपोन बसायचा म्हणतात, तिथून दोन्ही दारं दिसतात. स्वतः बसून पाहा म्हणजे कारण कळेल. १९२७ मध्ये जो ई. लुइस नावाचा कलाकार ही जागा सोडून दुसऱ्या क्लबात गायला गेला, तर गुंडांनी त्याचा गळा चिरला. तो वाचला आणि पुढे बोलायला पुन्हा शिकून रंगमंचावर परतला. पाहुण्यांना कपोनचं नाव ऐकून उत्साह येतो, पण मला त्या बाकापेक्षा लुइसची जिद्द सांगावीशी वाटते.

तिथली शिस्त लक्षात ठेव. गाणं-वाजवणं चालू असताना बोलायचं नाही. शेजारचा माणूस सरळ 'शूऽ' करतो आणि ते योग्यच आहे. जॅझ ऐकण्याची ती बैठक आहे. कवितेचा 'स्लॅम' (मंचावर कविता सादर करायची स्पर्धा, श्रोतेच गुण देतात) हा प्रकारही १९८६ मध्ये मार्क स्मिथने इथेच रुजवला, तो पुढे जगभर गेला. खिशात रोख पैसे ठेव.

प्रेषक: शॉमबर्ग

काका, तुमचं लिहिणं जपून ठेवतोय. पण दादा फर्मेंटेशनचे माणूस आहेत, त्यांना नुसता इतिहास दाखवून भागणार नाही. त्यांना आजची बिअर दाखवायला हवी.

टाइड हाउसची गोष्ट पुढे नेतो. ५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली, तेव्हा सरकारांनी ठरवलं की पुन्हा ब्रुअरीच्या मालकीचे सलून नकोत. म्हणून बनवणारा वेगळा, वितरक वेगळा, विकणारा वेगळा अशी तीन पायऱ्यांची रचना आली. त्यामुळे जिथे बनते तिथेच ग्लासात भरून विकणं पुढची कित्येक दशकं जवळजवळ कुठेच शक्य नव्हतं. घरी बिअर बनवायलाही केंद्र सरकारची मुभा १९७८ च्या कायद्याने मिळाली, त्यावर सही अध्यक्ष कार्टर यांची. राज्याराज्यांनी कायदे सैल केले आणि घरच्या स्वयंपाकघरात शिकलेल्या लोकांनी छोट्या ब्रुअरी काढल्या. कॅलिफोर्नियात चिको गावी सिएरा नेवाडा १९८० साली सुरू झाली, इथे शिकागोत क्लायबॉर्न रस्त्यावर गूज आयलंड १९८८ मध्ये. गूज आयलंड २०११ मध्ये बड्या कंपनीने घेतली, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

दादांना एक अमेरिकन पेल एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) किंवा आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, नक्की द्या. आयपीएमधलं 'आय' म्हणजे आपला इंडिया. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई, कलकत्ता, मद्रासला जहाजाने जाणारी, जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली बिअर. अमेरिकनांनी तिच्यात स्वतःचे हॉप्स घातले. त्यातल्या कॅस्केड जातीने सगळा वासच बदलला. पिण्याआधी ग्लास नाकाशी धरायला सांगा. पपनसाची साल नखाने टोकरल्यासारखा वास येतो.

प्रेषक: मिलवॉकी

नमस्कार. तुमच्या यादीत आम्ही दीड तासाच्या अंतरावर असूनही कुणी आमचं नाव घेतलं नाही! श्लिट्झ आमची, पॅब्स्ट आमची, ब्लाट्झ आमची, मिलर आमची. शिकागोला बिअर पाजली ती या गावाने. जर्मन लोक, लेक मिशिगनचं पाणी, हिवाळ्यात कापून साठवलेला बर्फ आणि टेकडीत खोदलेल्या थंड गुहा, एवढ्यावर हे गाव उभं राहिलं.

दादांना 'लेकफ्रंट'ला आणा. १९८७ मध्ये दोन भावांनी सुरू केलेली ब्रुअरी आहे, नदीकाठी, जुन्या वीजघराच्या इमारतीत. टूर घ्या. त्यांची 'न्यू ग्रिस्ट' नावाची बिअर २००६ साली आली. गव्हा-जवातलं ग्लूटेन चालत नाही अशांसाठी, आणि ती बनवली होती ज्वारी आणि तांदळापासून. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सोलापूरला आईला फोन करून सांगितलं होतं.

शुक्रवारी या. विस्कॉन्सिनात शुक्रवार म्हणजे 'फिश फ्राय'. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, त्यातून ही रीत पडली. तळलेला मासा, बटाट्याचे धिरड्यासारखे पॅनकेक, राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर, आणि लेकफ्रंटला सोबत पोल्का बँड. आजोबा, नातू, शेजारीपाजारी सगळे एका लांब टेबलावर. वहिनींना इथे अजिबात अवघडल्यासारखं होणार नाही. शाकाहारी असतील तर चीज कर्ड्‌स घ्या. कर्ड म्हणजे दही नव्हे, ताज्या चीजचे तुकडे. न तळलेला ताजा तुकडा दाताखाली कुरकुर वाजतो. 'स्प्रेकर' ही इथली ब्रुअरी रूट बिअरसाठी प्रसिद्ध आहे, तिच्यात दारू नसते, वहिनींसाठी ती मागा.

वेळ उरला तर जुन्या पॅब्स्टच्या आवारात चक्कर मारा. १९९६ मध्ये ती बंद पडली तेव्हा गावाला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. आता जुन्या ब्रूहाउसमध्ये हॉटेल आहे आणि आत तांब्याचे प्रचंड हंडे जागच्या जागी उभे आहेत.

प्रेषक: एव्हन्स्टन

हे वहिनींसाठी लिहितेय, त्यांना वाचून दाखव.

वहिनी, मी पूर्वी न्यू जर्सीत होते. न्यू यॉर्कमध्ये ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवर 'मॅक्सॉर्लीज' नावाचा फार जुना एल-हाउस आहे. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतींवर शंभर वर्षांची कात्रणं. मिळतं काय, तर एक फिकी एल आणि एक काळी, तीही दोन-दोन मगांच्या जोडीने. या जागेत १० ऑगस्ट १९७० पर्यंत बाईला प्रवेश नव्हता. गंमत म्हणून नाही, नियम म्हणून. १९६९ मध्ये दोन महिलांना आत घेतलं नाही, त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. मला सगळ्यात जास्त लागली ती मालकिणीची गोष्ट. डोरोथी ओकॉनल कर्वन हिला हा बार १९३९ मध्ये वडिलांकडून मिळाला. बायकांना आत घ्यायचं नाही असा शब्द तिने वडिलांना दिला होता आणि तो स्वतःलाही लावला. मालकीण असूनही गिऱ्हाईक असेतो ती आत येत नसे. कायदा झाल्यावरही पहिली बाई म्हणून ती गेली नाही. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह तर १९८६ मध्ये झालं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकटीच गेले होते. मुद्दाम. एलचा मग समोर ठेवून अर्धा तास भिंत वाचत बसले. तुम्ही काही पिऊ नका हवं तर, पण बसा. त्या खुर्चीसाठी कुणीतरी भांडलंय.

प्रेषक: ओक पार्क

महत्त्वाचं. बारच्या दारात वय तपासतात, म्हणून दोघांचे मूळ पासपोर्ट सोबत न्या. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना, वय एकाहत्तर, डाउनटाउनमधल्या एका बारच्या दारात परत पाठवलं, कारण पासपोर्ट घरी होता आणि फोनवरचा फोटो चालेना. माई थंडीत वीस मिनिटं उभ्या होत्या. मला ते अजून सहन होत नाही. आणि चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्क्यांची आहे म्हणून हिशेब करत बसू नका, ट्रेनने जा.

प्रेषक: रेव्हन्सवूड

ओक पार्कशी शंभर टक्के सहमत.

एक राहिलं. दादाला आपल्याकडची जोड लगेच सापडेल. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा वैद्यकीय कारण दाखवून परमिट घ्यावं लागे. माझे एक काका गिरगावात ते जपून पाकिटात ठेवत. मुंबईत 'परमिट रूम' ही पाटी आजही दिसते, ती त्याचीच खूण. अमेरिकेची दारूबंदी जवळजवळ चौदा वर्षांनी उठली, पण तीन पायऱ्यांची रचना राहिली. आपली बंदी सैल झाली आणि पाटी राहिली.

प्रेषक: नेपरव्हिल

मंडळी, मनापासून आभार. दोन्हीकडे जाऊन आलो.

मिलवॉकीत टूरच्या माणसाने माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचे, दाणे हातावर दिले. दादाने ते चावले, डोळे मिटले आणि म्हणाला, "भाजलेल्या जवाचं सत्तू." मग फर्मेंटरसमोर जो उभा राहिला तो हलेना. तापमापक बघून मला म्हणाला, "हे लोक लागर दहा-बारा अंशांवर आठवडा-आठवडा आंबवतात. आमची मळी दीड दिवसात उरकायची, आणि उन्हाळ्यात टाकी तेहतीसच्या वर जाऊ नये म्हणून रात्रभर पाणी सोडत बसायचो." त्याने विचारलेला पहिला प्रश्न बिअरबद्दल नव्हताच, चोथ्याचं काय करता हा होता. गुरांना जातो म्हटल्यावर बराच वेळ गप्प झाला. स्पेंट वॉशच्या (डिस्टिलरीतून उरणाऱ्या सांडपाण्याच्या) वासापायी आजूबाजूच्या गावांची बोलणी त्याने वर्षानुवर्षं खाल्लीत. पपनसाचा वासही त्याने बरोबर पकडला, मी न सांगता.

ग्रीन मिलला आम्हाला बारच्या टोकाशी जागा मिळाली. दिवे मंद, मागे एक स्त्रीमूर्ती. वहिनीने विचारलं, ही कोण? बारटेंडर म्हणाला, सीरीझ, रोमन लोकांची धान्याची देवी. मी मराठीत सांगितल्यावर वहिनी म्हणाली, "म्हणजे अन्नपूर्णाच," आणि तिथून पुढे तिचा संकोच गेला. जिंजर एल (आल्याचं सोड्यासारखं पेय, दारू नसलेलं) घेतली. हॅमंड ऑर्गन सुरू झाल्यावर ती मांडीवर बोटाने ताल धरून बसली. मी काहीतरी सांगायला तिच्याकडे झुकलो, तर तिनेच मला गप्प केलं. तिच्या वडिलांकडे गणपतीत भजनाची बैठक असायची, तिथे मुलांना अशीच नजर मिळायची म्हणे.

एव्हन्स्टनच्या ताई, तुमची मेल तिने दोनदा वाचून घेतली. परतीच्या ट्रेनमध्ये ती दादाला मालकिणीची गोष्ट सांगत होती.

काका, साउथपोर्टचा पृथ्वीगोल राहिलाय. दादा म्हणतो, तो तुमच्यासोबतच बघायचा. रविवारी सकाळी अकराला बेलमाँटच्या नाक्यावर येतो. आणखी कुणाला यायचं असेल तर नेपरव्हिलहून गाडीत एक जागा आहे, शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.