लीगचा करार की सीनियरची निवड चाचणी? बास्केटबॉलवाल्यांनी मार्गदर्शन करावे

मिरजकर_अनिता
नमस्कार. मुलगा एसवायबीकॉमला आहे. उंची सहा फूट चार इंच, शूटिंग गार्ड खेळतो, म्हणजे बास्केटपासून लांबून नेम साधणारा. ज्युनियर नॅशनल खेळून झालंय, विद्यापीठाच्या संघातही आहे. आता एका खासगी लीगच्या संघाकडून विचारणा आलीय. राहणं-खाणं त्यांचं, वर मानधन. पण त्यांचं शिबिर आणि राज्याच्या सीनियर संघाची निवड चाचणी नेमकी एकाच आठवड्यात. पोरगा लीगसाठी हटून बसलाय. ह्यांचं म्हणणं, खेळ पुरे, बँकेच्या परीक्षेला बस. आमच्या घरात या खेळातलं कुणालाच कळत नाही. नुसत्या लीग खेळून आपल्याकडे पोट भरतं का?

दादर_बेसलाइन
नाही भरत. २०१५ मध्ये यूबीए ही खासगी लीग सुरू झाली तेव्हा मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज ही नावं ऐकून आम्ही हरखून गेलो होतो. सामने टीव्हीवर दिसायचे! २०१७ नंतर ती लीग झालीच नाही. पुढे २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल ही लीग आली. खेळाडू बघा कुठले असतात: ओएनजीसी, रेल्वे, सेनादल, इंडियन ओव्हरसीज बँक. घर चालतं ते त्या पगारावर.

रेल्वेची_पॉइंटगार्ड
अनिताताई, मी नागपूरची, खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागले. काहीही झालं तरी चाचणी बुडवू देऊ नका. भरतीच्या वेळी सीनियर नॅशनलचं, आंतरविद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र बघतात. खासगी लीगचं पदक तिथे टेबलावर ठेवून उपयोग नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही मान्यताप्राप्त स्पर्धाच धरतात.

नोकरी म्हणजे खेळ संपला असं मुलाला वाटत असेल, तर तसं अजिबात नाही. आम्ही पहाटे कोर्टवर असायचो. घोट्यांना टेप गुंडाळायची, सिमेंटच्या कोर्टवर ती नसली की पाय मुरगळलाच म्हणून समजा. मग शूटिंग, तिथून ऑफिस, दुपारनंतर पुन्हा प्रॅक्टिस. स्पर्धा आली की विशेष रजा. माझ्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तेव्हा ऑपरेशन रेल्वेच्या खर्चाने झालं, खेळ बंद होता तरी पगार येत राहिला. त्याच सुमारास ओळखीतल्या एका मुलाचा तसाच गुडघा गेला. त्याचा करार हंगामापुरता होता. हंगाम संपला, फोन यायचे बंद झाले, आणि फिजिओचे पैसे त्याच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून भरले. गुणी पोरगा होता हो, डाव्या हातानेही तितकंच सफाईने ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून टाकलेला चेंडू) टाकायचा. त्याची आठवण झाली की अजून जीव तुटतो.

आता दुसरी बाजू. नोकरी असली तरी बाहेरच्या लीगचं दार बंद होत नाही. गीतू ॲना जोस केरळची, दक्षिण रेल्वेची खेळाडू. ती मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्सकडून तिथल्या बिग व्ही या राज्य पातळीवरच्या लीगमध्ये खेळली, आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक लीग) तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेचीच, भारताची कर्णधार झाली. त्यांची नावं मुलाला सांगा.

लुधियाना_ते_ठाणे
मुलांमध्ये अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग जपानमध्ये टोकियो एक्सलन्सकडून खेळले. अमृतपालला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जने घेतलं. पण या दोघांनाही भारतीय संघात लोकांनी आधी पाहिलं होतं. २०१४ च्या आशिया चषकात चीनला चीनमध्येच हरवलं त्या संघात दोघे होते. सतनाम सिंगचंही बघा, सात फुटांहून उंच, २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (अमेरिकेच्या लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) ५२ वा, पण एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. एनबीएच्या खालच्या लीगमधला टेक्सास लेजंड्स संघ, मग कॅनडातली लीग. इतकी उंची असून ही गत, तर गार्डला किती झगडावं लागेल याचा विचार करा.

मिरजकर_अनिता
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला हे सगळं वाचायला दिलंय, गप्प झालाय. कराराची दोन पानं आलीत. त्यात दुखापतीची जबाबदारी खेळाडूची असं लिहिलंय, आणि अर्धं मानधन हंगाम संपल्यावर. हे असंच असतं का?

रेल्वेची_पॉइंटगार्ड
असतं, पण तसंच सही करायचं नाही. हंगाम संपल्यावरचे पैसे मी स्वतः एका आयोजकाकडे मागून थकले, शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. तीन गोष्टी लेखी मागा. दुखापतीचा विमा संघाने काढावा. मानधनाचा मोठा भाग पहिल्या सामन्याच्या आधी खात्यात यावा. आणि राज्य किंवा भारताच्या शिबिराचं बोलावणं आलं तर सोडावं लागेल. लीगला महासंघाची मान्यता आहे का हे जिल्हा संघटनेच्या सचिवांना विचारा, नंतर परवानगीवरून अडायला नको. आणि संघाच्या मॅनेजरला आजच कळवा की मुलगा चाचणी आटोपून येईल. त्यांना तो खरंच हवा असेल तर चार दिवस थांबतील.

चाचणी कुठे आहे? पुण्यात असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट कोर्टवर उतरलं की पहिल्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत, आणि निवड समिती तीच दहा मिनिटं बघते. बूट रुळलेले घालू द्या, नवे नकोत. कराराची पानं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, नावं झाकून. आमच्या युनियनचे वकील आहेत, त्यांना दाखवते.