मदत हवी आहे: मुंबईच्या गच्चीवरून लघुग्रह दिसेल का?

नमस्कार मंडळी, दादरला राहतो, मुलगी नववीत आहे, आणि तिच्या डोक्यात सध्या एकच माणूस, हर्मन गोल्डश्मिट. हा काय शास्त्रज्ञ नव्हता हो, चित्रकार होता, पॅरिसमध्ये एका कॅफेच्या वरच्या खोलीत राहायचा, १८४७ ला खगोलशास्त्रज्ञ लेव्हेरिएचं ग्रहणावरचं लेक्चर ऐकलं आणि पन्नाशीच्या आसपास दुर्बीण घेऊन खिडकीतून आकाश बघायला लागला. १५ नोव्हेंबर १८५२ ला पहिला लघुग्रह सापडला, ल्युटेशिया, आणि १८६१ पर्यंत एकूण १४! युरोपचं रोझेटा यान २०१० मध्ये त्याच ल्युटेशियाच्या जवळून गेलं, हे वाचल्यापासून तर लेक ऐकतच नाहीये.

आता आमची खिडकी म्हणजे समोर टॉवर, खाली हॅलोजन. सोसायटीची गच्ची आहे पण किल्ली सेक्रेटरीकडे (तो वेगळाच विषय). व्हेस्टा हा लघुग्रह सर्वात जवळ असतो तेव्हा बायनॉक्युलरमधून दिसतो म्हणे, पण तो दादरहून खरंच कोणी पाहिलाय का? १०×५० बायनॉक्युलर घेऊ की थेट ६ इंची डॉब्सोनियन (साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण)? तारे आणि लघुग्रह सारखेच टिपके दिसतात, म्हणजे दोन-तीन रात्री नकाशा काढून कुठला टिपका सरकला ते बघायचं, एवढं कळलंय, पण पावसाळ्यात काय करायचं?

दुसरं, पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासून लघुग्रह शोधायची मोहीम असते, त्यात इथल्या कोणाच्या मुलांनी भाग घेतलाय का? शाळेमार्फतच जावं लागतं की खगोल मंडळासारख्या ग्रुपबरोबर जमतं? वांगणीला आकाशदर्शनाला जायची तयारी आहे, शेवटची लोकल सांभाळून.