गिअर अडखळणारी गाडी आणि तिच्यातले मुक्काम : तुमचेही अनुभव लिहा

गिरणाकाठ

काल गाडी धुवायला काढली. मॅटं उन्हात टाकताना शेजारच्या सीटखालचं मॅट हातात आलं आणि मी ते धरून उभाच राहिलो. त्यावर एका जागी टाचेएवढा गोल घासून पातळ झालाय. नानांच्या डाव्या टाचेचा.

नाना चाळीसगाव डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. जन्म सगळा क्लच दाबण्यात गेला. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी ऑटोमॅटिक घेतली, सात सीटर, जुनीच. तिसरी रांग दुमडून वर प्लायची फळी, फळीवर गादी, खाली पाण्याचे दोन कॅन, एक शेगडी. बाकी काही कापाकापी नाही, नटबोल्ट काढले नाहीत. नानांची एकच इच्छा होती. ज्या ज्या गावी त्यांची मुक्कामी गाडी असायची, तिथे परत एक एक रात्र झोपायचं. बहाळ, पाटणे, नागद. एसटीच्या मागच्या लांब सीटवर झोपून त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, त्यामुळे गाडीत झोपायचं त्यांना काही नवल नव्हतं.

पण गिअरबॉक्स त्यांच्या जिवाला लागला. आमची गाडी गिअर बदलताना थांबते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन एकदम गप्प होतं, मान पुढे डुलते, मग पुन्हा ओढ येते. त्या थांबण्यात नानांचा डावा पाय आपोआप खाली जायचा. दर वेळी. समोर पेडल नाही, नुसतं मॅट. त्यांना ते कळतही नसे.

कन्नड घाटात एकदा वळणावर पुढचा छोटा टेम्पो थांबला. मीही थांबलो. निघताना गाडी मागे सरकली. मी पाय जोरात दिला तर ती अजून विचारातच. पाठीमागे जीप. नाना हळूच म्हणाले, "हँडब्रेक ओढ. हां. आता पाय दे. गाडी दबली का? सोड." गाडी सरळ वर निघाली. घरी आल्यावर त्यांनी चाकाखाली लावायला बाभळीचा एक ठोकळा तासला, भोक पाडून दोरी बांधली आणि गाडीत मागे ठेवला. तो अजून आहे.

नाना गेले त्याला दोन वर्षं होतील. नागदचा मुक्काम राहिला. तुमच्याकडे अशी गाडी असेल, तिच्यात राहिला असाल, तर लिहा. मला वाचायचंय.

रावेरकर_केळी

भाऊ सकाळी सकाळी रडवलं.

अमळनेरची_लेक

दादा, पोळ्या लाटता लाटता लिहिते आहे, चुकलं तर समजून घ्या. मी ४६ व्या वर्षी गाडी शिकले ती अशाच ऑटोमॅटिकवर. मला तर गाड्या अशाच असतात असं वाटायचं, थोडं थांबून चालणाऱ्या. माझ्या भावाने चालवली तर पाच मिनिटांत वैतागला, "ही काय गाडी आहे, झटके देते." मी म्हटलं, तू पाय गच्च दाबून धरतोस म्हणून देते. आवाज चढला की मी पाय अगदी जरासा उचलते, ती गिअर बदलते, मग परत देते. पाळण्यात बाळ झोपवताना हात सैल करतो ना, तितकंच. भावाला ते जमलं नाही, मला पहिल्यापासून सवय.

तोरणमाळला आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो, गाडीतच झोपलो, यशवंत तलावाजवळ. सात पायरीचा घाट मीच चढवला. बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.

लळिंगचा_वारा

माझा अनुभव चांगला नाही, तोही यावा म्हणून लिहितो. मी अशीच गाडी जुनी घेतली होती, मागे पलंग, वर पंखा, सगळी हौस केली. धुळ्यात हायवेच्या चौकात डावीकडून ट्रक येत होता, मला वाटलं निघून जाऊ. पाय दिला आणि गाडी जागच्या जागी. एक सेकंद असेल, दीड असेल. मागे बायको आणि पोरगी झोपलेली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज लिहितो आहे. त्यानंतर ती गाडी मी चालवू शकलो नाही. सहा महिन्यांत विकली. लोक सवय होते म्हणतात, होत असेल. माझी झाली नाही.

गिरणाकाठ

@लळिंगचा_वारा भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलं. घेणाऱ्याने हेही वाचलं पाहिजे. पोरगी सुखरूप आहे ना, बस.

गॅरेज_पारोळा

दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर लिहून घेतो.

ऑटोमॅटिक सगळ्या एकसारख्या नसतात. वर ज्या गाड्यांचं चाललंय त्या एएमटी. आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्तातल्या ऑटोमॅटिकमध्ये हा प्रकार रुळला. आत गिअरबॉक्स साधाच, हाताने टाकतो तोच. क्लच प्लेटपण तीच. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम अॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं आणि कधी करायचं ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. क्लच दाबला की इंजिनची ताकद चाकापासून तुटते, गिअर पडला की परत जोडते. मधला रिकामा वेळ म्हणजे तुमचं ते थांबणं. माणूस चालवताना पण तो असतोच, पण आपण स्वतः करतो म्हणून जाणवत नाही. म्हणजे नानांचा पाय बरोबर वेळेला खाली जात होता. त्याच क्षणी आत क्लच खरोखर दबत होता.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात क्लचच्या जागी तेल असतं, ती मऊ चालते, चढावर उभी केली तरी थोडी पुढे ओढ राहते. बेल्टवाली वेगळी, दोन क्लचवाली वेगळी. त्यात शिरत नाही.

आता कामाचं. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. ब्रेक सोडून नुसत्या रेसवर उभी केली की क्लच प्लेट घासत राहते, जळका वास येतो, काही गाड्यांत गरम झाल्याची सूचना येते. नानांनी सांगितलं तसंच, हँडब्रेक. घाट उतरताना मॅन्युअलला, म्हणजे गिअर हाताने बदलायच्या खाचेत, टाकून दुसऱ्यात ठेवा. न्यूट्रल करून उतरवायची तर अजिबात नाही, इंजिनचा धरच सुटतो आणि ब्रेक तापतात. ओव्हरटेकच्या आधी एक गिअर हाताने खाली घ्या, मग बाहेर काढा. बाहेर काढून पाय दाबला तर ती विचार करेल तेव्हा तुम्ही समोरच्याच्या पुढ्यात असाल. लळिंगवाल्या भाऊंचं तेच झालं, त्यात त्यांची चूक नाही, हे कोणी शिकवतच नाही.

आणि एकदम जास्त अडखळायला लागली, गिअर पडेनासा झाला, तर थेट गिअरबॉक्स उघडायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. आधी बॅटरी बघा. गाडीत राहता म्हणजे पंखा, लाइट, चार्जर सगळं तिच्यावरच, रात्रीतून ती मार खाते, आणि अॅक्च्युएटरला दमदार करंट लागतो. मग ब्रेकच्या पेडलवरचा स्विच. तो खराब असला तर ब्रेक दाबलाय हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि तो गिअर टाकत नाही. मागचे ब्रेक लाइट लागतात का, दुसऱ्याला उभं करून बघा. माझ्याकडे एक गाडी मोठ्या खर्चाचा अंदाज घेऊन आली होती, स्विच बदलला आणि गेली.

नवीन क्लच प्लेट टाकली की स्कॅनर लावून कॉम्प्युटरला तिची ओळख करून द्यावी लागते. ते न करता दिली तर नवी प्लेट असूनही झटके येतात.

पांझराकाठ

@गॅरेज_पारोळा दादा, बॅटरीचं अगदी खरं. आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला दत्तजयंतीला तीन रात्री गाडीत राहिलो, घोडे बघायला पोरांना घेऊन. तिसऱ्या सकाळी गाडी चालू झाली पण गिअरच घेईना. काट्यावर नुसतं चमकत होतं. मी देवाचं नाव घेत बसलो. शेजारी घोड्यांचा ट्रक होता, त्यांनी बॅटरीला वायर जोडून दिली, दहा मिनिटांत गाडी तापीच्या पुलावर. तेव्हापासून राहण्यासाठी दुसरी बॅटरी वेगळी ठेवली.

सातपुडा_भटका

वजनाचं कोणी बोललं नाही. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. वर गादी, फळी, सिलिंडर, दुसरी बॅटरी, चार माणसं. कॉम्प्युटर मुख्यतः बघतो तुमचा पाय किती दबला आणि वेग किती. लगेच वरच्या गिअरला जातो, मग गाडी मरगळते, मग खाली येतो, परत वर. घाटात हा खेळ चालू झाला की मॅन्युअल करायची. आणि पाणी घाट चढून झाल्यावर वरच भरायचं.

अनेरमाय

भो, मन्हा बाप बी एसटीमा व्हता. वाचता वाचता डोयामा पानी उनं.

गिरणाकाठ

@अनेरमाय कोणत्या डेपोला होते, भाऊ?

अनेरमाय

शिरपूर. बिजासनचा घाट त्यांना तोंडपाठ. घरी जेवताना पण डावा पाय हलायचा. आई ओरडायची, "जेवताना तरी गाडी उभी करा."

गिरणाकाठ

अगदी हेच आमच्याकडे. माझी आई म्हणायची, "तुमचा पाय घरी कधी येणार?"

रावेरकर_केळी

मे महिन्यात गाडीत झोपता तुम्ही लोक? आमच्याकडे ४५ च्या वर जातं. लोखंडाचा डबा तापला की रात्री एकपर्यंत आत बसवत नाही. मी केळीच्या बागेत लावतो गाडी, पाटाला पाणी असलं की दहा वाजता गारवा येतो. ज्याला यायचं त्याने रावेरला यावं, जागा माझी.

अमळनेरची_लेक

@रावेरकर_केळी दादा, येतो आम्ही चौघी! पण भरीत खाऊ घालावं लागेल.

रावेरकर_केळी

ताई, भरीत काय, बामणोदची वांगी आणतो, कपाशीच्या काड्यांवर भाजतो आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचतो. मिक्सरचं भरीत मी पाहुण्याला देत नाही. सोबत कळण्याची भाकरी.

अमळनेरची_लेक

बडगी आहे तुमच्याकडे? आमची फुटली, नवीन मिळत नाही कुठे.

मोरनदी_काकू

मी ६८ वर्षांची आहे, नातवाने टाइप करायला शिकवलं. मुलगा न्यूझीलंडला असतो. तिकडे कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळतात, आत ओटा, बेसिन, झोपायची सोय सगळं. आम्ही दक्षिण बेटावर आठ दिवस फिरलो. व्हॅन जुनी, जपानी बनावटीची, ऑटोमॅटिक. आर्थर्स पास म्हणून खिंड आहे, ९२० मीटर उंचीची. चढताना गाडीचं काही ठरेना, वर जायची, खाली यायची, इंजिन ओरडायचं. मला आपली भीती, की इथे बंद पडली तर कोणाला हाक मारू, मला त्यांची भाषा येत नाही. मग मुलाने गिअरच्या दांड्यावरचं एक बटण दाबलं. म्हणाला, आई, हिचा सगळ्यात वरचा गिअर बंद केला, आता ही चलबिचल करणार नाही. आणि खरंच शांत झाली. वर गेल्यावर त्याने चहा केला. बाहेर हिरवे मोठे पोपट, गाडीचं रबर टोकरायला आलेले. त्यांना किया म्हणतात. मला तिकडच्या प्रवासातलं ते बटण आणि ते पोपट लक्षात राहिले.

गिरणाकाठ बाळा, तू वडिलांना घेऊन फिरलास, माझ्या मुलानेही मला फिरवलं. देव बरं करो.

सातपुडा_भटका

काकू, ते बटण म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद करायचं. मुलाने अगदी बरोबर केलं.

लळिंगचा_वारा

@गॅरेज_पारोळा दादा, तुमचं दोनदा वाचलं. आधी एक गिअर हाताने खाली घ्यायचा, हे मला विकणाऱ्यानेही सांगितलं नाही, दुरुस्त करणाऱ्यानेही नाही. गाडीच्या पुस्तकात असेलच, मी वाचलं नव्हतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली परत घेऊ या का. अजून हो म्हटलं नाही मी.

गॅरेज_पारोळा

घ्यायच्या आधी पारोळ्याला आणा, मी चालवून बघतो. पैसे नको. मोकळ्या रस्त्यावर तुम्हाला तासभर शिकवतो आणि मग तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी चहा पिऊन जा.

पांझराकाठ

कन्नड घाट सध्या कसा आहे? आमची पितळखोऱ्याला जायची इच्छा आहे.

गिरणाकाठ

अवजड गाड्या बंद आहेत, त्यामुळे आपल्यासारख्यांना बरंच मोकळं. पण पावसात दरड येते, विचारून निघा. आणि थांबायचं झालं तर वळणाच्या वर, सपाटीला थांबा.

अमळनेरची_लेक

दादा, ते मॅट टाकू नका हं.

गिरणाकाठ

नाही ताई. बायको म्हणाली नवीन जोड आणू, त्यातलं माझ्या बाजूचं टाकलं. नानांच्या बाजूला जुनंच परत घातलं. येत्या शनिवारी नागदला जातोय, मुक्कामाला. मुलगा शेजारी बसणार आहे. एसटी जिथे रात्री उभी राहायची तिथला पार अजून आहे, सरपंचांना फोन केला होता, लावा म्हणाले गाडी.

अनेरमाय

ठोकळा घीसन जा भो.

गिरणाकाठ

घेतलाय. मागच्या दारापाशीच ठेवलाय.

रावेरकर_केळी

@अमळनेरची_लेक ताई, बडगीचं विचारलं. आमच्या शेजारचे सुतारबाबा अजून करतात. लाकूड मिळालं की सांगतो, किती मोठी हवी?