मदत हवी आहे: हृदयाच्या व्हॉल्व्हचं इन्फेक्शन, सीआरपी उतरतोय पण सी-थ्री कमी

मंडळी, इथे कोणी हृदयविकारतज्ज्ञ असेल किंवा घरात हे झालेलं असेल तर जरा सांगा. बाबा ६३ वर्षांचे. लहानपणच्या सांधेतापाने मायट्रल व्हॉल्व्ह आधीच खराब. महिनाभर रोज संध्याकाळी कणकण यायची, आम्ही व्हायरल समजून पॅरासिटॅमॉलवर दिवस काढले. शेवटी ब्लड कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस जंतू निघाला, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हॉल्व्हवर ८ मिमीची व्हेजिटेशन, म्हणजे जंतूंची गाठ. शिरेतून अँटिबायोटिक चालू होऊन आज १६ दिवस झाले. सलाईनसाठी हातावर आता धड जागा उरली नाही.

सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा) ११० वरून २२ वर आलाय. पण ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (एरवी संधिवातासाठी करतात ती रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, सी-थ्री (रोगप्रतिकाराचं एक प्रथिन) कमी आणि लघवीत रक्तपेशी. सांधे तर अजिबात दुखत नाहीत! डॉक्टर म्हणाले, जंतूंविरुद्ध तयार झालेली इम्यून कॉम्प्लेक्स (जंतूंचे अंश आणि अँटिबॉडी यांचे गुंते) किडनीत अडकतात आणि त्यात सी-थ्री खर्ची पडतं. पटलं, पण राउंडच्या दोन मिनिटांत किती विचारणार?

तुमच्याकडे सी-थ्री नॉर्मलला यायला किती आठवडे लागले? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.९ आहे, म्हणजे वाढलेलं, ते उतरतं का? आणि सीआरपी उतरत असताना व्हॉल्व्हच्या ऑपरेशनचं कशावर ठरवतात, इकोवर की रक्तावर? ‘होईल सगळं ठीक’ म्हणणारे घरी भरपूर आहेत, इथे अनुभव लिहा.