मदत हवी आहे: दुचाकीला मागून धडक, पायात रॉड, टेम्पोमालक म्हणतो 'मिटवून टाका'

प्रवरातीर:
धाकटा भाऊ, वय 29, संगमनेरला राहतो, वायरिंगची कामं घेतो. 11 दिवसांपूर्वी पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावच्या अलीकडे टेम्पोने त्याच्या दुचाकीला मागून धडक दिली. उजव्या पायाची नडगी मोडली, ऑपरेशन करून रॉड घातलाय. पोलीस दवाखान्यात येऊन तोंडी विचारून गेले. गुन्हा दाखल नाही, 'डायरीला नोंद आहे' एवढंच सांगतात. टेम्पोमालक 40 हजार देतो म्हणतो, पण स्टॅम्प पेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून हवंय. टेम्पोचा नंबर आपल्याकडे आहे. भावाने हेल्मेट घातलं नव्हतं. कमाई महिना 18 हजारांच्या आसपास, बरीचशी रोख, रिटर्न कधी भरलेलं नाही. आधी काय करायचं? आणि दावा पुणे जिल्ह्यात लावायचा की इकडे?

कोर्टगल्ली:
ताई, त्या स्टॅम्प पेपरवर कोणीही सही करू नका, भावाने तर नाहीच. मालकाला खरंच मदत करायची असेल तर त्याने पैसे थेट दवाखान्याच्या बिलात भरावेत. पावतीवर 'उपचारासाठी मदत' याच्या पुढे एक शब्द नको.

आता लगेच करायची कामं दोन, कॅमेरा आणि गुन्हा. त्यात कॅमेरा आधी. गुन्हा उशिरा नोंदवता येतो, पुसलेलं फुटेज परत येत नाही. डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याची) हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. बहुतेक पंप आणि ढाब्यांवर पंधरवडा ते महिनाभराचंच राहतं, त्यातले 11 दिवस गेलेत. धडकेच्या जागेच्या दोन्ही बाजूंचे पंप, ढाबे, शोरूम उद्याच पालथे घाला. धडकच दिसली पाहिजे असं नाही. टेम्पो किती वेगात गेला, भाऊ डाव्या कडेने चालला होता का, एवढं दिसलं तरी कामाचं आहे. मालकाला लेखी अर्ज द्या, तारीख आणि वेळेची खिडकी लिहा (आधीचा अर्धा तास, नंतरचा अर्धा तास), दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोच अर्ज पोलीस ठाण्यातही द्या. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असतं, म्हणून खऱ्या वेळेशी किती फरक आहे ते तिथेच लिहून घ्या. स्क्रीनचं मोबाइलवर केलेलं शूटिंग कोर्टात टिकणं अवघड. फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र मागा. त्याचे दोन भाग असतात. 'अ' भागावर फुटेज देणाऱ्याची सही, 'ब' भागावर तज्ज्ञाची, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) दोन्हीकडे लागते.

आता गुन्हा. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. बेदरकार वाहन चालवणं (भारतीय न्याय संहिता, कलम 281) आणि त्यातून गंभीर दुखापत (कलम 125-ब) हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत, त्यामुळे नुसत्या डायरीच्या नोंदीवर पोलिसांना थांबता येत नाही. भावाच्या सहीची लेखी फिर्याद द्या आणि उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहा: ऑपरेशन, भरती, अमुक तारखेपर्यंत जबाब देण्याची स्थिती नव्हती. समजेल असं कारण असेल तर नुसत्या उशिरामुळे दावा पडत नाही. कारण नसलेल्या उशिरावर मात्र विमा कंपनी 'टेम्पो मागाहून घुसवला' (म्हणजे विम्यासाठी त्याचं नाव खोटं गोवलं) असा बचाव हमखास घेते. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पोचपावतीसह टपालाने पाठवा. तरीही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

दुचाकी दुरुस्तीला टाकू नका. तुटलेला टेललाइट, वाकलेली मागची नंबरप्लेट, चेपलेलं मडगार्ड हा 'मागून धडक' याचा तुमचा सगळ्यात बळकट पुरावा आहे. आधी पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होऊ द्या, आपलेही चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. टेम्पोचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा कंपनी आणि मुदत पाहा, आजच स्क्रीनशॉट घ्या. अपघाताच्या वेळी विमा चालू होता का, हाच पुढे कळीचा मुद्दा होतो.

हेल्मेटचं मनाला लावून घेऊ नका. मोडलाय पाय, आणि हेल्मेट असतं तरी तो मोडलाच असता.

एक्सरे:
कोर्टगल्लींच्या यादीत एक भर, आणि ती आज संध्याकाळपर्यंत करण्यासारखी आहे. दवाखान्यातल्या भरतीच्या कागदावर 'कसं लागलं' याखाली काय लिहिलंय ते वाचा. घाईत कोणीतरी 'गाडीवरून पडला' सांगतं, डॉक्टर 'दुचाकी घसरून पडल्याने' लिहितात, आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तेवढं एकच वाक्य कोर्टापुढे ठेवतो. चुकीचं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा, ती तारीख-सहीनिशी व्हायला हवी. स्वतः खाडाखोड अजिबात करू नका. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद झालीय का, तिचा नंबर काय, तेही विचारा.

ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची एक्स-रे फिल्म (मोबाइलमधला फोटो नव्हे), डिस्चार्ज कार्ड, रॉडचं स्टिकर असलेला ऑपरेशनचा कागद, औषधाच्या प्रत्येक बिलासोबत त्याची चिठ्ठी, फिजिओथेरपीच्या पावत्या, तपासणीला ये-जा करण्याचं गाडीभाडं हे सगळं तारखेच्या क्रमाने लावा. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं तिकडे जातील, म्हणून देण्याआधी शिक्क्यासह प्रती करून घ्या. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून दाव्यातला उपचारखर्च कापता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये स्पष्ट केलंय.

अपंगत्वाच्या दाखल्याची घाई करू नका. हाड जुळून उपचार संपल्यावर जो टक्का येतो तोच खरा. आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधी विचारून घ्या. साक्षीविना नुसत्या दाखल्याला फार वजन नसतं.

हिशेबनीस:
उत्पन्नाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि रक्कम तिथेच बुडते. गणित असं: 18,000 वर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के (स्वतःचा व्यवसाय, वय 40 च्या आत) म्हणजे 25,200. वर्षाचे 3,02,400. वय 26 ते 30 ला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा) 17, म्हणजे 51,40,800. कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट धरली तर 10,28,160. आता उत्पन्न सिद्ध झालं नाही आणि कोर्टाने 10,000 धरले, तर हाच आकडा 5,71,200 होतो. उपचारखर्च, वेदना, बुडालेली मजुरी वेगळी.

पण आता मागच्या वर्षांची रिटर्न भरायला धावू नका, अपघातानंतर भरलेल्या रिटर्नकडे संशयानेच पाहिलं जातं. त्यापेक्षा बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी, सामान घेतलेल्या दुकानाची उधारीची वही, वायरमनचा परवाना किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र गोळा करा. ज्यांच्याकडे कामं केली त्यातले दोन-तीन लोक साक्षीला उभे राहतील असे आत्ताच हेरून ठेवा. आणि एक फरक लक्षात ठेवा. डॉक्टर पायाचा टक्का लिहितात, कोर्ट कमाईतली घट पाहतं. शिडीवर चढून काम करणाऱ्याचा पाय आणि खुर्चीवर बसणाऱ्याचा पाय कोर्ट सारखा मोजत नाही. म्हणून शिडी, छत, खांब असं कामाचं नेमकं वर्णन दाव्यात यायलाच हवं.

प्रवरातीर:
सगळ्यांचे आभार. भरतीच्या कागदावर 'घसरून'च लिहिलंय, अर्ज आजच देते. दाव्याची मुदत किती? आणि एक जण म्हणतो विमा कंपनी परस्पर अडीच लाख देते, खरं का?

कोर्टगल्ली:
मुदत सहा महिने, अपघाताच्या तारखेपासून. 1 एप्रिल 2022 पासून हा नियम लागू आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर दिवस घालवू नका. भाऊ संगमनेरला राहतो, म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालतो, पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो अहवालच दावा अर्ज म्हणून धरता येतो. तरी आपला स्वतंत्र अर्ज वकिलामार्फत लावाच, कारण वायरिंगचं काम आणि शिडी पोलिसांच्या अहवालात येणार नाही. प्रतिवादी म्हणून चालक, मालक, विमा कंपनी तिघेही घाला.

अडीच लाख खरे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला ते चूक सिद्ध न करता मिळतात. पण ते स्वीकारले की न्यायाधिकरणातला दावा संपतो. वरचं गणित पाहून ठरवा. लोकअदालतीतही तडजोड होते, तीवर अपील नसतं, म्हणून अपंगत्वाचा टक्का हाती येण्याआधी तिथे आकडा कबूल करू नका.

हिशेबनीस:
वकिलाबद्दल एक. 'निकालाचे इतके टक्के' अशी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, ठरलेली रक्कम लिहून घ्या. कोरा चेक किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही नको, आणि भरपाईसाठी बँक खातं भावाच्या एकट्याच्या नावाचं द्या.